शेवटची बस

स्वारगेट डेपोतून पहाटे साडेतीनला गाडी काढली.
पाटीवर नंबर नाही, नुसता चिकटवलेला कागद : स्पर्धा.
साहेब म्हणाले, हिंगमिरे, तुम्ही सगळ्यात मागे राहायचं.
जो शेवटचा, त्याच्या मागे.
बसला की उचलायचा.
एकवीस किलोमीटर, साडेतीन तास. सोपं काम.

सोपं!
पहिल्या गिअरात, अर्ध्या क्लचवर
सारसबाग ते धायरी आणि परत, चालवून बघा एकदा.
डावा गुडघा अजून बोलत नाही माझ्याशी.

सणस मैदानापाशी डिसेंबरचं धुकं, बामाचा वास,
ढोलाचं पथक, आणि एका गाडीच्या टपावर
निषाद कारखानीस. रात्री साडेआठच्या मालिकेतला थोरला भाऊ.
आमची ही त्याच्यासाठी भाकरी करपवते.
त्याने झेंडा हलवला,
मग खाली उतरून लोकांत मिसळला, धावू लागला,
आणि लोक पुढे बघायचं सोडून
मागे बघत, मोबाइल वर धरून, एकमेकांवर आदळत निघाले.

दांडेकर पुलापर्यंत गर्दी पातळ झाली.
राजाराम पुलापाशी माझ्यापुढे एकच पाठ उरली.
भगवा टी-शर्ट, घामाने नकाशा झालेला.
चार हजार चारशे सतरा.
रुंद बाई. पाय जरा आत टाकणारी.
वेणी डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
वायपरसारखी.

आनंदनगरच्या सिग्नलला कुणीतरी दार ठोठावलं.
टोपी डोळ्यांवर ओढलेला माणूस. काका, घ्या आत.
पण कुणाला सांगू नका.
बघतो तर थोरला भाऊ.
मागच्या सीटवर बूट काढून बसला.
मोज्याला अंगठ्यापाशी रक्त होतं, खरं रक्त,
मालिकेतल्यापेक्षा काळपट.
वडगावच्या पुलाखाली झोपला तोंड उघडं टाकून.
घोरतो तो. हे मी घरी सांगितलेलं नाही.

आणि पुढे ती पाठ.
धायरीच्या वळणावर ती थांबली.
गुडघ्यांवर हात. मी ब्रेक दाबला.
कंडक्टर पोरगा दार उघडून म्हणाला, ताई, या.
तिने मान न वळवता फक्त तळहात दाखवला,
रिकाम्या भांड्यात वाढायला आलेल्याला दाखवतात तसा. नको.
निघाली.

येताना घड्याळ माझ्या बाजूने नव्हतं.
नियम असा की बस पुढे गेली, की स्पर्धक बाद.
वॉकीटॉकीवर साहेब : हिंगमिरे, कुठाय तुम्ही? वेग घ्या.
रस्ता उघडायचा होता. मागे रिक्षांची, दूधवाल्यांची,
लग्नाच्या एका वऱ्हाडाची रांग, हॉर्नवर हॉर्न.
मी इंजिन बंद पाडलं.
एकदा पु. ल. देशपांडे उद्यानापाशी,
एकदा दांडेकर पुलाच्या अलीकडे.
तेवीस वर्षांत गाडी बंद पाडली नव्हती मी,
तेही चढ नसताना.

शेवटच्या वळणावर थोरला भाऊ जागा झाला.
किती राहिलं? म्हटलं, दोनशे मीटर.
बूट घातले, अंगठा दुखला तेव्हा
अगदी आपल्यासारखा 'आई गं' म्हणाला,
केस सारखे केले, आणि उतरून धावत सुटला.
कमानीपाशी कॅमेरे होते.
त्याला पोट आहे, मला काय म्हणायचंय.
पण पाठीमागून तोही
नुसता एक लंगडणारा माणूस दिसतो.

ती पोहोचली तेव्हा कमान उतरवत होते.
केळ्यांच्या सालींचा ढीग, गुंडाळलेली चटई,
मंडपवाल्याचा पोरगा शिडीवर.
त्याने वरूनच टाळ्या वाजवल्या. दोन. मग दोरी सोडू लागला.
मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो.
साडेतीन तास जिची पाठ पाहिली,
तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला :
चाळिशीची, चष्म्यावर वाफ, चिडलेली.
म्हणाली, तुम्हीच का ते?
सारखं मागे घुर्रघुर्र, घुर्रघुर्र!
डोक्यात गेलात अगदी.
जरा लांब राहता येत नव्हतं?

म्हटलं, चुकलं ताई.

डेपोत लॉगशीट भरली.
उचललेले प्रवासी : एक. नाव लिहिलं नाही.
विलंबाचं कारण : गाडी गरम झाली.