हनुवटीची रेष

काळोखे, हणमंत बाबूराव, वय एकसष्ट.
आडनावावर हसायचं नाही, हे मी फॉर्म भरतानाच ठरवते.
एरंडवण्यात दुसऱ्या मजल्यावर ही खोली:
एक पलंग, एक कॅमेरा, स्टीलचा तांब्या.
त्यांचं डोकं टेपनं मोजून
लाल पेन्सिलीनं खुणा करते,
ब्लाउज बेतावा तसं.
बावीस वायरी.
"एवढ्या तर आमच्या गाडीलाही नव्हत्या," ते म्हणतात.

चौतीस वर्षं पहिली गाडी. कात्रज डेपो, पाच पाच.
म्हणून जाग तीन चाळीसला.
रिटायर होऊन तीन वर्षं झाली,
डोळे अजून तीन चाळीसलाच उघडतात.
मी सांगते: नाकाच्या मुळापासून सरळ आत,
डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर,
इंद्रायणीच्या कणीएवढं घड्याळ असतं.
बहुतेकांचं रोज थोडं मागे पडतं,
सकाळचा उजेड त्याला कान धरून वेळेवर आणतो.
"डेपो मॅनेजर," ते म्हणतात.
हो, तसंच काहीसं.
फक्त तुमच्या निरोप समारंभाचं
त्याला कुणी कळवलेलं नाही.

पण ते त्यासाठी आलेले नाहीत.
बाहेर बाकावर वत्सलाबाई बसल्यात,
वरच्या ओठाला दोन टाके.
अडतीस वर्षांत हात उगारला नाही हो यांनी,
आणि झोपेत...
ते भिंतीकडे बघतात.
"सायकलवाला मध्ये आला होता. मी स्टिअरिंग फिरवलं."

दोन वीस. शेजारच्या खोलीत मी, पडदा, गार चहा.
डोळ्यांच्या रेषा धावू लागतात: स्वप्न.
आता शरीराला कुलूप लागायला हवं.
मेंदू कुठेही हिंडो,
हातापायांची किल्ली काढून ठेवलेली असते
आणि हनुवटीची रेष सपाट होते,
रात्रीच्या लक्ष्मी रोडसारखी.
त्यांची होत नाही.
दाट होते, काळी होते, घाईत घातलेल्या टिपेसारखी.
उजवा पाय ब्रेक दाबतो. पुन्हा दाबतो.
"ए, बाजूला!"
मी लिहिते: ०२:२३, हालचाल, बोलणे.

ही रेष काय सांगू शकते, मी वाचलंय.
दहा वर्षांनी, बारा वर्षांनी, कदाचित,
बोटांची थरथर, शर्टाचं न लागणारं बटण.
कदाचित काहीच नाही.
नोंदवहीत कदाचितला रकाना नाही.

तीन चाळीसला जागे झाले, अर्थात.
पडून राहिले, कॅमेऱ्याकडे बघत,
सिग्नलला थांबल्यासारखे.
साडेपाचला वायरी काढते.
केसांतली पेस्ट कोमट पाण्यानं जाईल, सांगते.
"काय दिसलं?"
"डॉक्टर सांगतील. मंगळवारी."
मान हलवतात. वेळापत्रक वरून येतं, त्यांना ठाऊक आहे.
वत्सलाबाई पदराला थुंकी लावून
त्यांच्या कपाळावरची लाल खूण पुसतात,
शाळेत निघालेल्या पोराची पुसावी तशी.
दारात ते वळतात: "तुम्ही कधी झोपता, मॅडम?"

नळस्टॉपला मी काळा चष्मा चढवते,
उजेड माझ्या कणीपर्यंत पोचू नये म्हणून.
घरी जाऊन रात्र करायची आहे.
बसमध्ये पुढची सीट.
ड्रायव्हर पोरगेला, जांभया देणारा.
मी त्याचा उजवा पाय बघत बसते.
डेक्कनच्या अलीकडे तो पाय जोरात खाली जातो.
समोरून सायकलवाला आडवा जातो,
खराखुरा,
दोन्हीकडे दुधाच्या किटल्या.