कुठल्या तासाला

पहिल्या वर्षी मी गूळ सगळ्याला फासला.
मराठीला गुळाची कविता, गणिताला गुळाचे खडे,
चित्रकलेला ढेप (तपकिरी खडू संपले),
खेळाच्या तासालासुद्धा
पोरं मुंगळे होऊन रांगेनं पळाली.
हुपरीकर साहेबांनी शेरा मारला :
एकात्मिक नियोजन. उत्तम. फोटो पाठवावेत.

बेनाडे सर म्हणाले, पुस्तकं मिटून नुसती जत्रा.
आया म्हणाल्या, पोरं शाळेत खेळालीत,
पाढे कवा करायचे?
मी सगळ्यांवर चिडले.
मला वाटत होतं, आपण काहीतरी केलंय.

जानेवारीत वडणग्याच्या गुऱ्हाळावर
काहिलीपाशी संचिता मगदूम उभी होती.
तिचा बाप गुळव्या. तिनं बोटं मोडत विचारलं,
"बाई, ऊस टनभर घातला.
गूळ आला शंभर किलो.
बाकीचा कुठं गेला?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

वर्गात आल्यावर शोधायला बसलो.
चिपाड चुलवाणात गेलं, मळी बादलीत,
आणि वाफ कशी मोजायची यावर
चौथीचा वर्ग तीन दिवस भांडला.
कुणी वजाबाकी मांडली,
कुणी म्हणालं, ती वाफ आमच्या रानात परत पडत असंल का?
मागच्या बाकावरून 'उतारा' शब्द निघाला :
गुळाचा, सातबाराचा, पुस्तकातला,
आणि बाळाला दृष्ट लागली की
तिकटीवर ठेवतात तो.
चित्र कुणी काढलं नाही.
कुणाला आठवलंच नाही.

सतराचा पाढा मात्र रोज वेगळा,
सकाळी, उभं राहून, मोठ्यानं.
तो कशात विरघळत नाही.
मीही आता विरघळवायला जात नाही.

लोकांना वाटतं, याला तयारी लागत नाही.
गुळव्याकडं बघूनही तसंच वाटतं,
नुसता उभा आहे, विडी ओढतोय.
मग तो थेंबभर पाक पाण्यात सोडतो,
दोन बोटांत गोळी वळते का बघतो
आणि ओरडतो, उतरवा!
त्या एका ओरडण्यामागं
बावीस हंगाम आहेत.
माझे दोनच झालेत.
एकदा काहील करपलीही.

काल साहेबांचा नवा तक्ता आला.
वार, तास, विषय, घटक.
मंगळवार, तिसरा तास, इथवर भरलाय.
विषयाच्या रकान्यात
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय :
वाफ.