टोके

मुहर्रकच्या संग्रहालयात, तिसऱ्या दालनात
खोकं उघडलं तेव्हा वस्तूच्या आधी थंडी बाहेर आली.
बाहेर सेहेचाळीस. आत आमच्या कंपनीचे सहा जण,
हातात मऊ फडकी,
आणि त्यांच्यावर मी, यादी घेऊन.

पाटीवर नाव होतं बिशप टोके.
मला हसू आलं.
आमच्याकडे टोक असतं सुईला, डोंगराला,
आणि कुठे थांबायचं ते न कळणाऱ्या माणसाच्या बोलण्याला.
खाली बारीक अक्षरांत:
धर्मगुरू. राजाचा सल्लागार. बंदराला तट घालणारा.
काळ सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा.

मग त्याचा दंड निघाला.
लाकूड कधीच गेलं, उरली नुसती मूठ,
वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेली, आत आत वळत गेलेली.
डॅनिश बाई म्हणाल्या, कोवळं पान आहे हे, उमलणारं.
मला तर तो कान दिसला.
राजाच्या कानाशी आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात
दुसरं काय असणार?

सिग्नेबाई बोलक्या. कातड्यावरचं पत्र दाखवून
त्यांनी मला ओळ न ओळ सांगितली.
*तट अर्धा आहे, महाराज.
कोळ्यांना हिवाळ्याआधी घरी सोडू नका.
एक गेला तर सगळे जातील.*
मी विचारलं, मग?
मग तट झाला. अजून आहे थोडा, गाड्या लावतात त्याच्याखाली.
आणि कोळी?
बाईंनी पत्र उलटं करून दाखवलं.
मागे काही नव्हतं.

अरबाब वाईट माणूस नाही, हे मी कुठेही सांगेन.
दोन वर्षांपूर्वी, रमजानात, हिद्दच्या ऑफिसात
त्यानं पासपोर्टच्या कपाटाची किल्ली खिशातून काढली होती.
बाहेर बंद पडलेल्या कूलरवर लिंगय्या बसला होता.
जगत्यालहून फोन आला होता, बाप गेला.
अरबाबनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.
लोक म्हणतात, धनी म्हणेल ती पूर्व दिशा.
पण धन्याला पूर्व कुणीतरी दाखवावी लागते.
मी दाखवली. अरबीत, माझ्या चांगल्या अरबीत:
ईदनंतर पाठवू. दहा तारखेला काम सोपवायचंय.
एक गेला तर सहाही जातील.

किल्ली परत खिशात गेली.
फार लहान आवाज होता तो.

त्या संध्याकाळी कुणा चुलतभावानं तिकडे फोन वर धरला,
इकडे बारा खाटांच्या खोलीत लिंगय्यानं सरण पाहिलं.
अग्नी दिला तेवढ्यात रेंज गेली.
चित्र अडकलं.
तो अडकलेल्या चित्राकडे बराच वेळ बघत होता, असं म्हणतात.
मी खोलीवर गेलो नव्हतो. मला त्या दिवशी हिशेब होते.
दहा तारीख पुढे ढकलली गेली, पावणेदोन महिने.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज तोच काच पुसतोय.
तोंडाची वाफ सोडतो, वाफेवर फडकं फिरवतो,
वाफेमागून बिशप पुन्हा उगवतो.
सार, हा कोण?
मी हिंदीत म्हटलं, राजाच्या जवळचा माणूस.
राजा ह्याला विचारून करायचा सगळं.
लिंगय्यानं मान डोलावली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.
अच्छा, म्हणाला, म्हणजे सुट्टी ह्याच्या हातात.

आणि खालचा कोपरा पुसायला वाकला.
माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं,
की नसतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

शेवटी काच बसली. सुई पन्नासवर स्थिर झाली.
बाईंनी कागद पुढे केला, सही माझी,
माल कंपनीच्या ताब्यात आल्याची.
मुठीच्या वळणात, अगदी आत, एक बारीक चीर होती.
रकाना होता: *नुकसान कधीचे?*
मी बॅटरी धरून दोनदा पाहिलं.
लिहिलं, जुनं आहे.
वाटेत झालेलं नाही.