दूषित भांडी : एक

जळगावहून आणला तेव्हा पिशवीत होता,
पिशवी मांडीवर, पिशवीवर ओला रुमाल,
धरणगावपर्यंत खिडकीत उभं ऊन.
समोरचा म्हातारा म्हणाला, काय शे हाई?
फायटर, म्हटलं.
कोनसंगे भांडस?
त्याचं उत्तर मला आलं नाही.

काळा, म्हणजे काळाच; फक्त शेपटीच्या टोकाला
पावतीपुस्तकातल्या कार्बनचा निळा.
आमच्याकडे अमळनेरात नळ चौथ्या दिवशी येतो.
पाण्यातला क्लोरीनचा वास जावा म्हणून
मी रात्रभर बादली उघडी ठेवली.
मी, जो घरोघर सांगत फिरतो
की बादली उघडी ठेवू नका.

पहिल्या दिवशी त्याने दाण्याकडे पाहिलं नाही.
दुसऱ्या दिवशी पाहिलं,
तेच जास्त लागलं.
मग दाणा लसणाच्या रसात भिजवला,
मग अंड्याचा बलक, सुईच्या टोकाएवढा;
तो तळाशी जाऊन कापसासारखा पिंजला,
पाणी गढूळ,
पुन्हा नळाची वाट.

देवकाबाई दारातून डोकावल्या :
नवी वहू बी चार दिन काय खास नही.
बठू नको तेना समोर,
कोनी दखत ऱ्हायना ते घास उतरस का?
उठलो. दिवा मालवला.
आत शेवभाजी गार झाली होती,
तर्रीची लाल साय धरलेली.
तशीच झाकून ठेवली.

सातव्या दिवशी लोटन पाटलांचा कूलर.
जाळी काढली, टॉर्च मारला
आणि पाणी वळवळलं.
शेकडो स्वल्पविराम, उलटे टांगलेले,
शेपटीने श्वास घेत.
सोळा वर्षं हे बघून मी एकच शब्द बोलतो : ओता.
मग खडूने भिंतीवर तारीख,
मग पुढचं घर.
लोटनभाऊ बादली घेऊन उभे.
मी म्हणालो, थांबा.
घरात चहाची गाळणी आहे का, जुनी?
त्यांच्या सुनेने दिली
आणि म्हणाली, परत नको.

खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत,
खिशात, ओळखपत्रामागे,
पंधरा-वीस अळ्या दिवसभर माझ्यासोबत हिंडल्या.
प्रत्येक दारात मी डेंग्यूबद्दल बोललो,
नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

संध्याकाळी एक सोडली.
ती वर निघाली, त्या जातात तशी,
आकडा होऊन, सरळ होऊन, आकडा होऊन.
तो हलला नाही.
मग त्याच्या गळ्याशी काहीतरी हललं
आणि अळी नव्हती.
टक् असा आवाज झाला.
काचेबाहेर येत नाही म्हणतात. मला आला.
दुसरीही गेली.
तिसरी मी पाहिलीच नाही, भाकरी मोडत होतो.

आता जिन्याखाली एक बादली आहे,
वर मच्छरदाणीचा तुकडा, दोऱ्याचे तीन वेढे.
रोज तपासतो, कोषात गेलेली
एकही राहू देत नाही, हे खरं;
आणि काल रात्री कानाशी एक गुणगुणला
हेही खरं.
कुठला असेल.
गल्ली लांब आहे.

महिनाअखेर रजिस्टर भरताना
घर क्रमांक चौदापाशी पेन अडला.
कुटुंबप्रमुख : वामन धुडकू बिऱ्हाडे.
माणसं : एक.
तपासलेली भांडी : सात.
दूषित...
लिहिलं. एक.
शेजारचा रकाना, केलेली कारवाई,
अजून कोरा आहे.

आज दोन अळ्यांच्या मध्ये एक दाणा टाकला.
त्याने घेतला.
थुंकला.
वळसा घालून आला, पुन्हा घेतला,
पुन्हा थुंकला.
मी देवकाबाईंचं ऐकून
पाठ करून बसलोय.
मागे पाणी हलल्यासारखं वाटतं.
वळत नाही.