रविवारचा वर्ग, दिवाळे कोळीवाडा

पहिल्या रविवारी मी चुकले.
पुस्तकातली पाण्याची टाकी फळ्यावर काढली,
टाकीला नळ, नळाला बाण,
बाणाच्या टोकाशी लिहिलं, व्होल्टेज.
सोसायटीच्या ऑफिसात पाच जण, वर्तमानपत्रांवर बसलेले,
कारण खुर्च्या लग्नाला गेल्या होत्या.
सोनूबाय तांडेल म्हणाली,
"टाकी कशाला? खाडी काय आटली?"

मग खडू ठेवला. खिडकीतून दाखवलं.
भरतीला बाहेर पाणी उंच, आत खाली.
तो उंचीचा फरक, तो व्होल्ट.
आत धावतं ते करंट.
आणि मुखाशी साचलेला गाळ,
ज्यात तुमच्या होड्या रुततात,
तो ओहम.
"गाळाला पण नाव ठेवलंय?" रिक्षावाला नौशाद.
ठेवलंय. एका जर्मन मास्तरचं.

पुढच्या रविवारी दोन पेले.
एकात मोरब्याचं, नळाला येतं ते.
एकात जेट्टीवरून भरून आणलेलं.
नऊ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी,
तो जळू नये म्हणून मध्ये एक रेझिस्टर,
आणि तांब्याच्या दोन उघड्या तारा.
नळाच्या पाण्यात दिव्यानं जेमतेम डोळा किलकिला केला,
खाडीच्या पाण्यात टक्क उघडला.
"मीठ!" धृती ओरडली. वय अकरा.
मीठच. पाण्यात ते दोन जातींच्या कणांत फुटतं,
एकाकडे थोडं जास्त, एकाकडे थोडं कमी,
आणि हेच कण पाण्यातले हमाल.
एका तारेला बुडबुडे सुटले,
दुसरी हिरवट पडत चालली.
पोरं दिव्याकडे बघत होती,
सोनूबाय तारेकडे.

"ही झिजतेय."
हो. तांबं पाण्यात उतरतंय.
"आमच्या पंख्यापाशी जस्ताचा गट्टू ठोकतात,
त्याची पण हीच गत."
मुद्दामच ठोकतात, मी सांगितलं.
खारं पाणी आधी जस्ताला खातं,
तोवर लोखंडाची सुटका.
"त्याला इचारून ठोकतात?"
माझ्या वहीत लिहिलेलं होतं,
जस्त इलेक्ट्रॉन लवकर सोडतं.
तेच वाचून दाखवलं. दुसरं काही येत नव्हतं.

नेटवर्कला मात्र मी खुशीत होते.
जाळं म्हणजे जाळं, गाठ म्हणजे राउटर,
इथे मला कोण अडवणार?
फोटो एका पाटीत मावत नाही, सोनूबाय,
म्हणून शंभर पाट्या करायच्या,
प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठून, कुठे, कितवी.
एक जाईल पामबीचनं, एक हायवेनं,
सगळ्या वाशीला पोचल्या की क्रमानं लावायच्या.
सत्तेचाळिसावी हरवली तर तिथून हाक येते,
सत्तेचाळीस परत पाठव.
"परत कुठनं आणू? मासळी तर गेली."
नाही ना. जाते ती नक्कल.
मूळ तुझ्याकडेच राहतं.
ती बराच वेळ गप्प.
"म्हंजे विकून पण टोपलीत उरते?"
उरते.
"असला धंदा मना कोणी सांगितला नाय कधी."

नौशाद इतका हसला की पेला लवंडला.
मी पुसत असताना तिनं शेवटचं विचारलं,
दोन गाठींच्या मधे काय असतं.
वायर, मी म्हणाले, नाहीतर लहरी.
"नाय. मधे भोक असतं.
जाळ्यात सगळ्यात जास्त भोकच असतं, पोरी.
त्याचा पण हिशोब शिकव."

काल ती लवकर आली, वर्ग भरायच्या आधी.
पदराखालून वर्तमानपत्राची पुरचुंडी काढली,
आत बोटीवरून उतरवलेला गट्टू,
अर्धा उरलेला, मधमाश्यांनी कोरल्यासारखा.
दगडानं घासून दोन जागी उजळला,
मीटर माझ्या हातातून घेतला,
काटा बीपवर फिरवला, दोन टोकं टेकवली.
मीटर ओरडला.

"वाजतंय अजून," ती म्हणाली,
आणि गट्टू माझ्या टेबलावर ठेवून
वर्तमानपत्र पसरून बसली.