पन्नासचा मोड

सड्यावर कातळ अजून गार आहे.
अँटेनेचं टोक समुद्रावर रोखायचं नसतं,
कूस दाखवायची. तशी लावली.
पंखाला मागच्या खेपेची चिकटपट्टी.

सदाफ म्हणतो, पाचशेवर ठेव ना ताई,
सेकंदाला पाचशे निरोप,
बोट हललं की शेपूट हललं.

खरं आहे त्याचं. हायस्कुलाच्या मैदानात
त्याने दोन झावळांमधून विमान काढलंय पाचशेवर,
हेडमास्तर डबा उघडाच ठेवून बघत होते.

पण आज बगळ्याच्या खडकापर्यंत जायचंय.
अकरा किलोमीटर, सगळं पाणी.
मी यादी खाली सरकवते:
पाचशे, अडीचशे, दीडशे, पन्नास.
पुढे ऐकू येण्याची हद्द,
उणे एकशे पाचपासून उणे एकशे पंधरापर्यंत.
सदाफला दहा डेसिबल म्हणजे दहाच वाटतात.
अंतर तिप्पट होतं रे, मी सांगते.
तो मान हलवतो. पटलेलं नाही.

मला हे गणित लाडू तारीने शिकवलं,
खाडीवर पूल नव्हता तेव्हा.
मी नऊ वर्षांची, कडेवर तापलेला भाऊ,
पलीकडच्या धक्क्याला होडीत लाडू आडवा.
मी ओरडले,
लाडूकाका बाळाला ताप आहे दवाखान्यात जायचंय लवकर या
वाऱ्याने फाडून नेलं सगळं.
त्याला पोचला तो फक्त एक 'का'.

"गो, इतके शब्द कित्याक?" होडी लावत तो म्हणाला,
"एकच घाल. पण लांब घाल."
होऽऽऽऽ,
बेंबीपासून वर चढवत न्यायचा,
मधला तुकडा वाऱ्याने खाल्ला
तरी उरलेल्यावरून कळतो.

तो भाऊ आता तेलाच्या जहाजावर असतो.
पंधरवड्याने लिहितो: पोचलो.

तर पन्नास.
हवेत गेल्यावर बदलता येत नाही,
इथेच ठरवायचं, चपला काढून, कातळावर.
शंभर मिलीवॉट,
देवघरातल्या झीरोच्या बल्बचा दीडशेवा हिस्सा,
तेवढ्यावर सोडून दिलं त्याला.

चौसष्ट वेळा मी बोलते तेव्हा ते एकदा बोलतं.
सव्वा सेकंद.
आकडा येतो, मग नुसता समुद्र,
मग पुन्हा आकडा.
नऊ किलोमीटरला सदाफने वाचलं,
उणे एकशे सात.
"पाचशे असतं तर..." म्हणाला,
आणि टोपी काढून हातात धरली.

खडक दिसला. पांढरा, विटेवढा.
एक समुद्रगरुड खालून वर आला,
बघितलं त्याने, कंटाळून वळला.
मीही वळवलं.

जवळ आलं तरी पन्नासच.
उतरताना शेपूट माझ्या बोटामागे रेंगाळलं,
काजूच्या झुडपात उजवा पंख गेला.

सदाफ धावला. पानं झटकली,
पंखावर जीभ लावून बघितली.
"खारट," म्हणाला,
आणि चिकटपट्टी दातांनी तोडायला लागला.