निवड

क्विंटलभर बेदाण्यात एखादा काळा
आमच्या बोटांना डोळ्यांआधी कळतो.
वीस वर्षं तासगावच्या शेडमध्ये हेच केलं मी,
देठ बाजूला, खडा बाजूला,
पिवळा इकडे, हिरवा तिकडे.
आणि माझ्याच अंगातला एक
हाताला लागला तो साबण निसटला म्हणून.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
केवढी होती गाठ, पहिल्यांदा लागली तेव्हा?
मी म्हणाले, सुंटेखानीएवढी.
त्या नुसत्या बघत राहिल्या.
म्हणून मग म्हणाले, बेदाण्याएवढी होती,
आता द्राक्षाएवढी.
बेदाण्याचं परत द्राक्ष होत नसतं
हे मला येताना बसमध्ये आठवलं,
कवलापूरच्या थांब्यावर.

नवऱ्यानं रिपोर्ट आधी उलटा धरला, मग सुलटा,
मग म्हणाला, चहा टाकतो.
लग्नानंतर त्यानं केलेला पहिला चहा.
साखर विसरला होता.
मी सगळा प्याले.

नणंद म्हणाली, नुसती गाठ म्हण,
नाव नको घेऊस, पोरगी उजवायची आहे.
दोन दिवस नाही घेतलं.
तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
जैबूनच्या डब्यातली भाकरी मोडता मोडता म्हणाले,
मला कॅन्सर आहे. उजव्या छातीचा.
तेवढा पंखा चालू होता.
वैजयंता म्हणाली, कधी जायचंय?

कशानं झालं, कुणाचं काय केलं होतंस,
काही नाही.
कधी जायचंय.
ऑपरेशन झालं, आणि पुढच्या आठ सलाईनांच्या
आठ तारखा तिनं लिहून घेतल्या,
मुकादम आमचे खाडे मांडतो त्याच कॅलेंडरवर,
आणि प्रत्येकीपुढं एकेक नाव.
दर एकवीस दिवसांनी एकीची मजुरी बुडायची.
ती खिडकीशी बसायची, मी तिच्या मांडीवर,
ओकारीची पिशवी दोघींच्या मधे.

तारूचं नाव त्यात नव्हतं.
तिची आई ह्यानंच गेली.
ती मला बघून पाण्याच्या टाकीकडं वळायची.
मी राग धरला.
खोटं कशाला सांगू, अजून आहे थोडा.

सहाव्या सलाईनपासून बोटं मेली.
वर्षानं शेडमध्ये परत आले तर
देठ कुठला, दाणा कुठला, कळेना.
दिवसभर चाळत राहिले, मान खाली घालून,
संध्याकाळी काट्यावर माझी पाटी
इतरांएवढीच भरली.
जैबूनकडं पाहिलं,
ती छताकडं बघत होती,
जसं काही तिथं चिमणी बसलीय.

तिनंच मला शिवून दिली एक थैली,
मऊ मलमलीची, आत राळे.
पण वजन किती घ्यायचं?
काट्याभोवती सगळ्या जमल्या,
डावी काट्यावर ठेव म्हणाली वैजयंता,
आणि मी खरंच ठेवली.
तीनशे दहा ग्रॅम.
मुकादम दारातून आत आला
आणि तसाच मागच्या पावली बाहेर गेला.
एवढी हसले की टाके दुखले,
टाके तर केव्हाच काढले होते.

आता महिन्यातून एकदा, सुट्टीच्या भोंग्यानंतर,
आम्ही रिकाम्या क्रेटची भिंत रचतो.
माझ्या बोटांना कळत नाही,
म्हणून मी नुसती सांगते:
सावकाश. गोल गोल. बगलेपर्यंत जा.
घाई करू नका, मजुरी कापणार नाही कोणी.
काळा एक जरी असला
तरी तुम्हाला कळणार,
तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?

तारू भिंतीच्या आत येत नाही.
ती दाराशी उभी राहते,
पाठ आमच्याकडं करून,
दोन्ही हात चौकटीला लावून.
मुकादम येईल, म्हणते.
मुकादम त्या वेळी कधीच येत नाही.